सेफ्टी म्हणजे रडीचा डाव?

जिमखान्याच्या नोटीस बोर्डावर, मेसबिल थकवणाऱ्यांच्या यादीशेजारी, सध्या एक कागद लागलाय. यंदाच्या इंटर-विंग पूल लीगचे नियम! एकूण अकरा नियम आहेत आणि त्यातले दहा अगदी योग्य आहेत. (टेबलाच्या कडेवर चहाचा ग्लास ठेवू नये, हा तर सोन्याच्या अक्षरांत लिहावा असा.) पण सातवा नियम वाचून मी तिथेच थांबले. तो असा : "मुद्दाम सेफ्टी खेळल्यास फाऊल धरण्यात येईल."

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत मी जरा घाबरूनच असते. पण या वाक्यातला 'मुद्दाम' हा शब्द मला कुठल्याही भाषेत खटकला असता. मुद्दाम हे ठरवणार कोण? आणि कशावरून? संपादकांनी मराठी विभागासाठी 'काहीही चालेल' असं सांगून लेख मागितला होता, तेव्हा हेच लिहायचं ठरवलं.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी (आणि रेक्टर सरांसाठी, कारण टेबल जळाऊ लाकडाच्या भावाने विकून टाकायचा विचार ते अधूनमधून बोलून दाखवतात) थोडक्यात. आपण खेळतो तो एट-बॉल. पंधरा रंगीत बॉल. एक ते सात सॉलिड, नऊ ते पंधरा स्ट्राइप, आणि आठ नंबरचा काळा. एकाचे सॉलिड, दुसऱ्याचे स्ट्राइप. आपले सात घालवायचे आणि मग काळा. आता समजा तुमची पाळी आहे, पण घालवण्याजोगा एकही बॉल दिसत नाही. मग काय कराल? उगाच जोरात मारून 'होईल ते होईल' म्हणाल, की पांढरा बॉल अशा जागी नेऊन ठेवाल जिथून समोरच्यालाही काही दिसणार नाही? दुसरी गोष्ट म्हणजे सेफ्टी.

आपल्याकडे तिला रडीचा डाव म्हणतात. मुलं एकमेकांना आणखी एक वाक्य ऐकवतात, "पोरींसारखं काय खेळतोस!" लेडीज हॉस्टेलच्या टीममधून खेळत असल्यामुळे हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकते, आणि गंमत म्हणजे बोलणाऱ्याला मी मागे उभी आहे याचं काहीच वाटत नाही. त्यांच्या माहितीसाठी : अ‍ॅलिसन फिशर नावाची इंग्लंडची बाई आधी स्नूकर खेळायची. 1995 साली ती अमेरिकेत जाऊन पूल खेळायला लागली आणि पुढे नाईन-बॉलची चार जागतिक विजेतेपदं घेऊन गेली. स्नूकरमध्ये सेफ्टी हा अर्धा खेळ असतो आणि ते शिक्षण तिने सोबत नेलं होतं. तेव्हा हो, पोरींसारखंच खेळा!

स्नूकरचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. हा खेळ आपल्या देशात जन्मला, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, 1875 साली. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाला तो वेगळा) एक सोपा शॉट चुकवणाऱ्या सहकाऱ्याला 'स्नूकर' म्हटलं, आणि तेच नाव खेळाला चिकटलं असं सांगतात. वूलिचच्या मिलिटरी अकॅडमीत स्नूकर म्हणजे पहिल्या वर्षाचा कॅडेट. त्या अकॅडमीत तोफखान्याचे आणि इंजिनिअर्सचे अधिकारी तयार व्हायचे. म्हणजे स्नूकर हा शब्द मुळात फर्स्ट इयर इंजिनिअरिंगच्या पोरांसाठीच होता, म्हणायला हरकत नाही! असो.

सेफ्टी सोपी असते हा दुसरा गैरसमज. हळूच टिचकी मारली की झाली सेफ्टी, असं नसतं. पांढरा बॉल आधी आपल्याच बॉलला लागला पाहिजे, आणि त्यानंतर एकतर कुठलातरी बॉल पॉकेटमध्ये गेला पाहिजे, नाहीतर कुठलातरी बॉल कुशनला लागला पाहिजे. दोन्ही नाही झालं की फाऊल, आणि समोरच्याला 'बॉल इन हँड', म्हणजे पांढरा बॉल उचलून टेबलावर हवा तिथे ठेवून खेळायची मुभा. म्हणजे सेफ्टी खेळणाऱ्याला दोन बॉलचा वेग आणि दोन्हींची थांबायची जागा एकाच वेळी सांभाळावी लागते. सरळ बॉल घालवण्यापेक्षा हे जास्त अवघड आहे. विश्वास नसेल तर आज संध्याकाळी करून बघा.

आता खरा मुद्दा, म्हणजे 'कॉल'.

वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या (डब्ल्यूपीए) 2008 साली लागू झालेल्या नियमांत एट-बॉल हा कॉल-शॉट खेळ आहे. कुठला बॉल कुठल्या पॉकेटमध्ये घालवणार हे शॉटच्या आधी सांगायचं. बॉल उघड दिसत असेल, म्हणजे पॉकेटच्या तोंडाशी बसलेला वगैरे, तर सांगायची गरज नाही. बँक शॉट असेल किंवा एका बॉलने दुसरा घालवायचा असेल, तर गोंधळ होऊ शकतो म्हणून सांगायचं. आणि त्याच नियमांत लिहिलंय की खेळाडू 'सेफ्टी' असंही कॉल करू शकतो. तसं केलं की शॉटनंतर पाळी समोरच्याकडे जाते, आणि त्या शॉटमध्ये एखादा बॉल पडला तरी तो पडलेलाच राहतो.

वाचायला सरळ वाटतं ना? मग गेल्या वर्षीची सेमिफायनल आठवा. बी-विंगचा खेळाडू स्ट्राइप खेळत होता. बारा नंबर पॉकेटच्या तोंडाशी, आणि त्याचे उरलेले दोन बॉल कुशनला चिकटून अडकलेले. त्याने डोकं लावलं. बारा हळूच घालवला आणि पांढरा अशा जागी थांबवला की तिथून ना त्याला स्वतःला काही शॉट होता, ना डी-विंगच्या पोराला एकही सॉलिड सरळ दिसत होता. आणि क्यू टेबलाला टेकवून म्हणाला, "तुझी पाळी." समोरचा म्हणाला, "माझी कशी? तू बॉल घातलास, तूच खेळ." झालं! पंचवीस मिनिटं भांडण. शेवटी नाणं उडवलं. नाणं! इंजिनिअरिंग कॉलेजात! हे दोघे प्रोजेक्ट पार्टनर होते. त्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टची पहिली तीन चॅप्टर्स एका फॉन्टमध्ये आणि उरलेली दुसऱ्या फॉन्टमध्ये आहेत, लायब्ररीत जाऊन बघू शकता.

नाण्याने काय कौल दिला ते सोडा. नियमाने निकाल असा लागतो : बारा नंबर उघड होता. उघड बॉलला कॉल लागत नाही, म्हणजे तो न बोलताच कॉल झाला. कॉल झालेला बॉल पडला, तर पाळी चालू. त्या अडचणीतून त्याने स्वतःच मार्ग काढायला हवा होता. त्याचा डाव चांगलाच होता, त्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण त्या डावाची किंमत एक शब्द होती. शॉटच्या आधी 'सेफ्टी' म्हणाला असता तर बारा पडलेला, पाळी समोरच्याची, आणि भांडण शून्य.

काहीजण म्हणतात, "पण सगळ्यांना कळत होतं की तो सेफ्टीच खेळतोय." कळत होतं, मान्य. मला इथेच फरक करायचाय. कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं. नियम त्याच्या मनात काय होतं हे विचारत नाही, तो तोंडाने काय बोलला हे विचारतो. बोलला नसेल तर 'उघड काय होतं' एवढंच बघतो. आणि शंका असेल तर समोरच्याला विचारायचा पूर्ण हक्क आहे. "कुठला?" एवढं विचारलं की समोरच्याला कॉल करावाच लागतो. आपल्याकडे विचारणं म्हणजे अपमान समजतात. पण कंडक्टर "कुठं?" विचारतो तेव्हा आपण चिडतो का?

याच्या उलट टोकाचं पब्लिकही आहे. ते म्हणतात, बॉल 'क्लीन' गेला पाहिजे, वाटेत दुसऱ्या बॉलला घासला तर चालणार नाही. हे कुठल्या कॅन्टीनमधून आलं देव जाणे. नियमांत स्पष्ट आहे की फक्त बॉल आणि पॉकेट सांगायचं. वाटेत कुठल्या कुशनला लागला, कुणाला घासला, याच्याशी देणंघेणं नाही. सांगितलेला बॉल सांगितलेल्या पॉकेटमध्ये गेला, विषय संपला.

मला हे सगळं आपल्या स्टेप मार्किंगसारखं वाटतं. एम-थ्रीच्या पेपरात उत्तर बरोबर आलं पण स्टेप्स नाहीत, तर मार्क मिळत नाहीत. एट-बॉलमध्येही चुकीच्या पॉकेटात गेलेला आपला बॉल पडलेला राहतो, पण पाळी जाते. उत्तर खोडत नाहीत, मार्कही देत नाहीत. त्याच 2008 च्या नियमांतला टेन-बॉल आणखी कडक. तिथे सांगितलं एक आणि पडलं दुसरंच, तर समोरच्याला निवड मिळते, आहे तिथून स्वतः खेळ किंवा तोच शॉट परत त्याच्याच गळ्यात मार. तुमच्या फ्लूकने चुकून छान सेफ्टी झाली तरी तिचा फायदा तुम्हाला नाही. मला हा नियम जाम आवडतो. आणि नाईन-बॉल म्हणजे एम.सी.क्यू.! पहिला स्पर्श टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरला झाला की पुढे काहीही पडो, तुमचंच. तिथे सेफ्टी सांगावीच लागत नाही, कारण मनात काय होतं याचा कशावरच परिणाम होत नाही. कॅरमही तसाच आहे, सोंगटी गेली म्हणजे गेली. हेही प्रामाणिकच. मनाकडे बघायचंच नाही, हेसुद्धा एक धोरण आहे.

कठीण जातं ते तिसरं धोरण. मन ओळखायचं आणि लिहून ठेवायचं.

अमेरिकेत अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन (एपीए) नावाची हौशी खेळाडूंची मोठी लीग आहे. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी 1979 मध्ये तिची सुरुवात केली. आज दोन लाखांहून जास्त लोक ती खेळतात, बहुतेक सगळे दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणारे. आपल्या कॉलेजचा एक सिनिअर तिकडे एम.एस. करताना दर मंगळवारी खेळायचा, त्याच्याकडून मला हे पहिल्यांदा कळलं. त्यांच्या एट-बॉलमध्ये फक्त काळ्या बॉलसाठी पॉकेट दाखवावं लागतं, आणि तेही बोलून नाही, पॉकेटशेजारी खूण ठेवून. बाकी बॉल फ्लूकने गेले तरी चालतात. म्हणजे सोपं? नाही. कारण तिथे हँडिकॅप आहे. एट-बॉलमध्ये प्रत्येकाला 2 ते 7 पर्यंत स्किल लेव्हल असते. 7 वाला 2 वाल्याशी खेळला तर त्याला सात गेम जिंकावे लागतात आणि 2 वाल्याला फक्त दोन. शिवाय रात्रीच्या मॅचमध्ये उतरणाऱ्या पाच जणांच्या लेव्हलची बेरीज 23 च्या वर जाता कामा नये.

आता लेव्हल ठरते कशी? एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे जिंकायला तुम्हाला किती इनिंग्ज लागतात. कमी लागल्या तर तुम्ही भारी. मग एखादा चतुर माणूस काय करेल? मुद्दाम दोन-चार शॉट चुकवेल. इनिंग्ज वाढतील, लेव्हल खाली राहील, आणि मोठ्या स्पर्धेत सोपा डाव मिळेल. याला तिकडे 'सँडबॅगिंग' म्हणतात. यावर उपाय म्हणून स्कोअर लिहिणारा 'डिफेन्सिव्ह शॉट'ची खूण करतो. ज्या शॉटमध्ये बॉल घालवायचा हेतूच नव्हता, तो डिफेन्सिव्ह. त्या इनिंग्ज हिशोबातून वजा होतात. मग ती खरीखुरी सेफ्टी असो किंवा मुद्दाम चुकवलेला सोपा बॉल असो.

कल्पना सॉलिड आहे. इंजिनिअरला आवडेल अशी. पण सगळा डोलारा स्कोअर लिहिणाऱ्याच्या पेन्सिलवर! सिनिअर म्हणायचा, अर्ध्याहून जास्त लोक निकाल बघून खूण करतात. शॉट चुकला आणि समोरच्याला काही उरलं नाही की लगेच 'डिफेन्स'. हे साफ चूक आहे. त्याने मनापासून प्रयत्न केला होता, नशिबाने पांढरा बॉल लपला. उलट एखादा सेफ्टी खेळायला गेला आणि फसली, सगळं टेबल उघडं पडलं, तर खूण करत नाहीत. तीही चूक, कारण हेतू तर सेफ्टीचाच होता. आणि काही शॉट दोन्ही बाजूंचे असतात, गेला तर गेला, नाही गेला तरी समोरच्याला काही मिळणार नाही असा. तिथे घालवायचा हेतू होता, म्हणून तो डिफेन्सिव्ह नाही. हे तिघंही टेबलाच्या पलीकडून बघणाऱ्याला सारखेच दिसतात.

स्नूकरमध्ये तर पगारी रेफरी असतात. तिथे 'मिस'चा नियम आहे. खेळाडूने बॉलला स्पर्श करायचा पुरेसा प्रयत्न केला नाही असं रेफरीला वाटलं, तर समोरचा बॉल परत जागेवर ठेवायला लावून पुन्हा खेळवू शकतो. 'पुरेसा प्रयत्न' मोजायचा कसा? मोठ्या मॅचेस बघा, बहुतेक वेळा स्पर्श चुकला की मिस दिलाच जातो, अगदी जिवाच्या आकांताने प्रयत्न केलेला असला तरी. मन मोजता येईना, म्हणून नियम हळूहळू निकालाकडे सरकला. त्यांची ही गत, तर आपल्याकडे स्कोअर लिहिणारा फर्स्ट इयरचा पोरगा, समोर त्याच्याच विंगचा फायनल इयरचा दादा!

शाळेत आम्हाला मॉरल सायन्सचा तास असायचा. सिस्टर सांगायच्या की चूक हातून झाली यापेक्षा मनात काय होतं ते महत्त्वाचं. पटतं मला. पण मनात काय होतं ते बघणारा वर बसलाय, असंही त्या लगेच सांगायच्या. जिमखान्यात तो स्कोअर लिहायला येणार आहे का?

म्हणून सातवा नियम मला नुसता चुकीचा वाटत नाही, तो एपीएच्या पद्धतीपेक्षा वाईट वाटतो. एपीएत डिफेन्सिव्ह शॉटची खूण झाली म्हणून खेळणाऱ्याचं त्या गेममध्ये काहीही बिघडत नाही. ती नुसती नोंद आहे, शिक्षा नाही. उलट चांगली सेफ्टी खेळणाऱ्याला तिथे मान आहे. आपण मात्र हेतूवरून थेट फाऊल देणार, म्हणजे बॉल इन हँड, म्हणजे जवळजवळ गेमच. आणि तो हेतू ओळखणार समोरचा खेळाडू, ज्याला फाऊल हवाच आहे! मग हुशार पोरं काय करतील? सेफ्टी बंद होणार नाही. ते सेफ्टीच खेळतील आणि चेहरा असा करतील की बॉल घालवायला गेलो होतो, हळहळले, कपाळावर हात मारला. लीग पूलची राहणार नाही, गॅदरिंगच्या एकांकिकेची होईल.

कमिटीची बाजूही ऐकली मी. टेबल एक, वेळ संध्याकाळी पाच ते आठ, मॅचेस चाळीस. सगळे सेफ्टीच खेळत बसले तर लीग सबमिशनपर्यंत संपणार नाही. अडचण खरी आहे. पण तिच्यावरचं औषध नियमांतच आहे. डाव पुढे सरकतच नाही असं दिसलं की तसं जाहीर करायचं, दोघांना आणखी तीन-तीन पाळ्या द्यायच्या, तरी काही झालं नाही तर गेम रद्द आणि ज्याने आधी ब्रेक केला होता त्याच्याच ब्रेकने पुन्हा सुरू. तेवढ्याने भागत नसेल तर शॉटला एक मिनिट लावा. घड्याळाला कुणाच्या मनात डोकवावं लागत नाही.

"पण आधीच 'सेफ्टी' म्हटलं तर समोरच्याला आपला डाव कळतो," असं माझ्याच टीममधली एकजण म्हणाली. कळू दे की! तो खुर्चीवर बसलेला असतो, कळून करणार काय? लपवायचं असतं ते पत्त्यांत. इथे सगळं टेबलावर उघडंच आहे. आणि बॉल पडण्याची शक्यताच नसेल तर कॉल नाही केला तरी फारसं अडत नाही, पाळी तशीही जाणारच. ज्या सेफ्टीत आपला बॉल पडणार किंवा पडू शकतो, तिथेच हा शब्द कामाचा.

तर सातव्या नियमाच्या जागी मी कमिटीला हे लिहून दिलंय : "उघड नसलेला शॉट बॉल आणि पॉकेट सांगून खेळावा. सेफ्टी खेळायची असल्यास शॉटच्या आधी, समोरच्याला ऐकू जाईल असं 'सेफ्टी' म्हणावं. न म्हटल्यास आणि उघड बॉल पडल्यास पाळी चालू राहील. शंका आल्यास समोरच्याने शॉटच्या आधी विचारावं, नंतर नाही."

'नंतर नाही' या दोन शब्दांवर कमिटीत अजून वाद चालू आहे. काहींना वाटतं की निदान पहिल्या राउंडमध्ये तरी नंतर विचारायची सूट द्यावी, नवीन पोरं असतात. माझा विरोध आहे, पण यावर मतदान झालं तर मी ऐकेन. नवीन कागद टाइप करून ठेवलाय, फक्त जुन्याच्या चार पिना गंजल्यात, त्या काढायला कुणीतरी पक्कड घेऊन या.